घोंगडी, टोपडं आणि नाथसागराची पहाट

पहाटे साडेचारला छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतून निघालं की सहाच्या आत मी आणि धाकटा भाऊ पैठणच्या पुढे, नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या काठावर पोचतो. डिसेंबर-जानेवारीत त्या वेळी पाण्यावर धुकं असतं. दिसत काहीच नाही, ऐकू मात्र सगळं येतं. चक्रवाकांची जोडी पार पलीकडे कुठेतरी ओरडते आणि वाटतं, हात लांबवला तर लागेल. रात्रभरात पाण्यालगतची हवा थंड झालेली असते, वरची त्या मानाने उबदार; त्यामुळे आवाज वर निघून न जाता पाण्याकडे वाकतो आणि लांबपर्यंत वाहत येतो. ऊन वर आलं, वारा सुटला की संपलं. या पाऊण तासासाठी मी गेली नऊ वर्षं सामान जमवतेय.

पोटापाण्याचं कामही आवाजाचंच. मराठी ऑडिओबुकं संपादित करते, माहितीपटांसाठी ध्वनी बसवते. आठवडाभर दहा बाय दहाच्या खोलीत आणि रविवारी काठावर. म्हणून घेताना एकच बघते: वस्तू दोन्हीकडे चालली पाहिजे. ज्या वस्तूवर रोज हात फिरतो, तीच अंधारात न बघता वापरता येते.

रेकॉर्डर झूम एच५ आहे. हे मॉडेल २०१४ सालचं, मी वापरलेलं विकत घेतलं. आता ३२-बिट फ्लोटची यंत्रं आली आहेत, त्यात पातळी आधी ठरवण्याची कटकटच उरत नाही. तरी मला याच्या फिरक्या आवडतात. थंडीनं बोटं आखडलेली असताना, टॉर्च न लावता, नुसत्या स्पर्शानं आवाज कमीजास्त करता येतो. रेकॉर्डिंगचा दर्जा ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर ठेवते. तासाभराची स्टीरिओ फाइल साधारण १ जीबी होते, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात पूर्ण हिवाळी सहल मावते. सेल दोन लागतात, पेन्सिल सेल. मी चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइडचे वापरते. नवीन घेणाऱ्यांना कळकळीनं सांगते, मेनूत जाऊन सेलचा प्रकार बदला. हे सेल १.२ व्होल्टचे असतात, साधे १.५ व्होल्टचे. ते सांगितलं नाही तर यंत्राचा अंदाज चुकतो आणि पडद्यावरच्या बॅटरीच्या खुणेवर विसंबता येत नाही.

आता टोपडं. पहिल्या हिवाळ्यात मी माइकवर नुसता स्पंज लावून गेले होते. तीन रविवार पट्टकदंब हंसांचा थवा डोक्यावरून गेला, मी श्वास रोखून उभी, आणि घरी येऊन लावलं तर सगळीकडे भर्रर्र. एकही हाक शाबूत नव्हती. रडायला आलं होतं. नाथसागर म्हणजे ३४१ चौरस किलोमीटरचं अभयारण्य, आडोसा असा कुठे नाहीच. तिथला वारा स्पंजाला दाद देत नाही. माइकला लांब केसांची फर लागते. वारा केसांत शिरतो, हळूहळू मोडतो, त्याचे भोवरे माइकच्या पडद्यापर्यंत पोचत नाहीत. आवाजाची लहर मात्र केसांमधून सरळ आत जाते.

तयार मिळणारं टोपडं तेव्हा मला झेपणारं नव्हतं. गुलमंडीच्या बाजारात हिंडून खेळण्यांसाठी वापरतात ती करडी फर अर्धा मीटर घेतली आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या टेलरचाचांकडे गेले. त्यांनी रेकॉर्डर हातात घेऊन उलटसुलट बघितला, टेप लावला आणि विचारलं, "बेटा, ये कायकू होना?" वाऱ्यासाठी म्हटल्यावर त्यांनी मन लावून शिवलं. इतकं मन लावून की आतून जाड सुती अस्तरही टाकलं. दिसायला देखणं, पण माइकवर चढवलं तर चिमण्यांचा आवाज उशीखालून आल्यासारखा. अस्तरानं वरचे सगळे सूर खाऊन टाकले होते. परत गेले. त्यांना हेडफोन घालायला दिला, आधी टोपड्याशिवाय, मग टोपड्यासकट, आणि समोर किल्ल्यांचा जुडगा वाजवला. दुसऱ्यांदा वाजवल्यावर त्यांच्या भुवया वर गेल्या. काही न बोलता त्यांनी शिवण उसवली, अस्तर काढलं, फरची मूळ पाठ विरळ करायला दाभणानं टोचत बसले आणि आकार टिकावा म्हणून आतून मच्छरदाणीच्या जाळीची पट्टी लावली. दुसऱ्या खेपेचे पैसे घेतले नाहीत. तेच टोपडं अजून वापरते. सोबत ८० हर्ट्झखालचा भाग कापणारा फिल्टर लावून ठेवते.

पण माझ्या सामानातली सगळ्यात लाडकी वस्तू बिनविजेची आहे. घोंगडी. केजकडे मामांच्या घरी माळ्यावर पडून होती, काळीभोर, एका कोपऱ्याला उंदरानं कुरतडलेली. मामी म्हणाल्या, "ने की. कुणी पांघरायलंय आता?" दख्खनी मेंढीच्या लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली. पहिल्यांदा उलगडली तेव्हा इतकी ताठ होती की जमिनीवर जणू उभी राहील. वास आठवडाभर घरात होता. मला तो वास आजोबांचा वाटतो.

काठावर ती अंथरते. ओल्या काळ्या मातीवर बसलं तरी खालचा गारठा वर येत नाही, दव पडलं तर झटकून टाकता येतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ती वाजत नाही. नायलॉनचं जॅकेट किंवा प्लॅस्टिकची ताडपत्री, अंग जरा हलवलं की कचकच करते आणि ती रेकॉर्डिंगमध्ये बसते. घोंगडीवर कूस बदलली तरी कळत नाही.

सोमवारी हीच घोंगडी खोलीत टांगते. निवेदक बसतात त्यांच्या मागे छताला दोन हूक आहेत, त्यातून सुतळी ओवलेली. सिमेंटच्या भिंतीवरून आवाज परत येतो, तो लोकरीच्या धाग्यांत घुसून घासून घासून मरतो. इथे एक गोष्ट अनुभवानं कळली, मग वाचून पटली: घोंगडी भिंतीला चिकटवायची नाही, चार बोटं सोडून टांगायची. भिंतीला टेकून हवा हलतच नाही, मग धागे घासणार कशाला? हजार हर्ट्झच्या आवाजाची लहर साधारण ३४ सेंटीमीटरची. तिच्या चौथ्या हिश्शावर, म्हणजे साडेआठ सेंटीमीटरवर, हवा सगळ्यात जास्त हलते. चार बोटं म्हणजे जवळपास तेवढंच. माणसाच्या बोलण्यातला स्पष्टपणा या पट्टीच्या आसपास असतो, त्यामुळे फरक लगेच ऐकू येतो. महागडे फोमचे चौकोन माझ्याकडे कधीच आले नाहीत, आणि आजवर कुणा प्रकाशकानं घुमारा आहे म्हणून फाइल परत पाठवलेली नाही.

हेडफोन वायरचा, कान पूर्ण झाकणारा. ब्लूटूथवर आवाज दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज मागे पडतो. ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात, त्यावर चित्राला ध्वनी कसा बसवणार? कानावरच्या गाद्या झिजल्यावर आईच्या जुन्या सुती लुगड्याचे गिलाफ शिवून चढवलेत. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात रेक्झिनपेक्षा हेच बरं, घाम टिपतात आणि धुता येतात.

या हेडफोनची एक आठवण. सोनेवाडीच्या बाजूला बसलो होतो. एक मच्छीमारदादा थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळी काढून परतले आणि माझ्याजवळ येऊन थांबले. "काय करू राह्यल्या ताई?" मी हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवला. जन्मभर ते त्याच पाण्यावर आहेत, धरण १९७६ साली झालं तेव्हा लहान होते म्हणाले. ते हलेचनात. मग हळू आवाजात म्हणाले, "हे तं कानातच येऊन बसलं." आणि बोटानं धुक्यातली एक जागा दाखवली: पाखरं तिथं आहेत, दोन नाही, चार. धुकं विरल्यावर दुर्बिणीतून बघितलं. चार होती. नऊ वर्षांत जे माझ्या कानाला जमलं नाही ते त्यांना एका मिनिटात जमलं, आणि त्या दिवसापासून मी रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला त्यांना विचारून जागा ठरवते.

दुर्बीण ८ बाय ४२ची, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग बेचाळीस मिलिमीटरचं. दहा पटीची घेऊ नका, हात थरथरला की पक्षीही थरथरतो. बेचाळीसला आठनं भागलं की सव्वापाच मिलिमीटर येतात, तेवढा प्रकाशाचा झोत डोळ्यात शिरतो. पहाटेच्या अंधुकात तोच उपयोगी. लॅपटॉपबद्दल सांगण्यासारखं काही नाही, जुना आहे, ऑडॅसिटी हे ध्वनिसंपादनाचं सॉफ्टवेअर चालतं. पायात गुडघ्यापर्यंतचे गमबूट, कारण गवतात घोणस असते. डब्यात धपाटे आणि दह्याऐवजी ठेचा, कारण दही पिशवीत सांडलं होतं एकदा. आणि पक्ष्यांना बोलवायला मोबाइलवर त्यांचाच आवाज लावायचा नाही, हे भावाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं. थंडीत ती लांबून दमून आलेली असतात.

टोपड्याची एका बाजूची शिवण सुटली आहे आणि फरचे केस गुठळ्या होऊन चिकटलेत. उद्या शिकेकाईच्या पाण्यात धुऊन, वाळवून, विंचरून चाचांकडे देईन. घोंगडीला दोन दिवस गच्चीवर ऊन दाखवायचं आहे. दिवाळी झाली की काठावरून दादांचा फोन येतो, पाखरं उतरली म्हणून.