हॅरी राइटचं पगारपत्रक

इंदुरात पगारी खेळाडू म्हटलं की १९२३ मध्ये होळकरांनी नागपूरहून बोलावून घेतलेले सी. के. नायडू आठवतात. अमेरिकेत ही पद्धत उघडपणे बेसबॉलमध्ये आणणारा हॅरी राइटसुद्धा मूळचा क्रिकेटवालाच.

जन्म १८३५, शेफिल्ड. वडील न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबात नोकरीला. हॅरी १८६५ मध्ये सिनसिनाटीला गेला तोही युनियन क्रिकेट क्लबचा प्रोफेशनल म्हणून, वर्षाला १२०० डॉलरवर. चार वर्षांनी त्याच शहरात त्याने रेड स्टॉकिंग्ज हा बेसबॉलचा अख्खा पगारी संघ उभा केला.

पगार १५ मार्च ते १५ नोव्हेंबर एवढ्या हंगामाचा. शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) जॉर्ज राइट, हॅरीचा धाकटा भाऊ, १४००, कर्णधार हॅरी स्वतः १२००, पिचर (चेंडू टाकणारा) ब्रेनार्ड ११००, वॉटरमन १०००, पाच जणांना ८००, राखीव हर्लीला ६००. एकूण ९३०० डॉलर. या दहांत सिनसिनाटीचा माणूस एकटा गूल्ड.

शॉर्टस्टॉपला कर्णधार आणि पिचर दोघांहून जास्त पैसे का? तेव्हा चेंडू ४५ फुटांवरून, हात खालून आणून टाकावा लागे आणि फलंदाज तो बऱ्यापैकी मारत असे. हातात ग्लोव्ह नाही. म्हणजे सामना वाचायचा तो क्षेत्ररक्षणावर, आणि त्यात जॉर्जचा हात धरणारा कोणी नव्हता. माझ्या मते हे पगारपत्रक म्हणजे हॅरीची खेळाची समज आहे, आकड्यांत लिहिलेली.

१८६९ मध्ये बेसबॉल क्लबांच्या राष्ट्रीय असोसिएशनमधल्या क्लबांविरुद्ध ५७ पैकी ५७ विजय. १४ जून १८७० ला ब्रुकलिनमध्ये तिथल्या अटलांटिक्स क्लबविरुद्ध ठरलेल्या नऊ डावांनंतर ५-५. अटलांटिक्स बरोबरीवर खूश होते, हॅरी पुढे खेळायचंच म्हणून अडून बसला. दहाव्या डावात जॉर्जने सोपा उंच झेल मुद्दाम पडू दिला आणि झेल होणार म्हणून बेसवर थांबलेले दोन गडी बाद केले. तेव्हा नियमात त्याला मनाई नव्हती. अकराव्यात रेड स्टॉकिंग्ज ७-५ ने पुढे गेले आणि तरी ८-७ ने हरले. अजिंक्यपण गेलं तशी गर्दीही ओसरली. खेळाडूंचे पगार परवडेनासे झाले, आणि हंगाम संपताच क्लबने पगारी संघ मोडला.

जॉर्ज, गूल्ड आणि मॅकव्हे यांना घेऊन हॅरी बॉस्टनला गेला, रेड स्टॉकिंग्ज हे नावही बरोबर नेलं, आणि १८७२ ते १८७५ सलग चार अजिंक्यपदं जिंकली.