६२० चा उंचवटा

पावसाळा सरला होता, तरी रत्नागिरीजवळच्या भाट्ये खाडीचं पाणी गढूळच होतं. त्यातली प्लवकं, म्हणजे पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ, किती प्रकाश शोषतात ते मोजायचं होतं. ५०० मिलि पाणी २५ मिमीच्या काचतंतूंच्या फिल्टरमधून ओढलं आणि फिल्टर जागेवरच द्रव नायट्रोजनमध्ये टाकला. आपल्याकडे कृत्रिम रेतनाला येणारे डॉक्टर गाडीला बांधून फिरवतात, तसलाच कॅन. तो घेऊन आंबा घाट चढलो आणि कोल्हापूर गाठलं.

फिल्टर गाळलेल्या समुद्राच्या पाण्यानं ओला ठेवून ४०० ते ७५० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंत प्रकाशाच्या शोषणाचं वाचन घेतलं. तुलनेचा कोरा फिल्टरही तितकाच ओला लागतो; सुकला की अख्खी रेषा सरकते. ४४० ला शोषण ०.३० दिसलं. तंतूंमध्ये प्रकाश आपटत लांबचा रस्ता काढतो, त्यामुळे हा आकडा फुगलेला असतो. दुरुस्तीनंतर ०.१६ उरले. फिल्टरवर उमटलेल्या डागाचा व्यास २१ मिमी; त्यावरून आणि गाळलेल्या पाण्यावरून हिशेब केला, तर खाडीच्या पाण्यातलं शोषण दर मीटरला सुमारे ०.२६. यात प्लवकही आले आणि गाळही.

दोन्ही वेगळे करायला फिल्टरवर मिथेनॉल सोडलं. हरितद्रव्य निघून जातं, उरतो तो गाळ, आणि वजाबाकी म्हणजे प्लवकांचं शोषण. ६७५ चं हरितद्रव्याचं शिखर पार सपाट झालं, पण ६२० जवळचा उंचवटा जागचा हलेना! मिथेनॉल कमी पडलं असेल म्हणून पुन्हा धुतलं. तरी फरक नाही.

मग कोल्हापुरातल्याच रंकाळा तलावाचं हिरवं पाणी आणून तेच केलं (धुवायला अर्थातच गाळलेलं तळ्याचंच पाणी). उंचवटा त्याच जागी, फक्त कितीतरी ठळक. फायकोसायनिन! नील-हरित शेवाळातलं हे रंगद्रव्य प्रथिनाशी जोडलेलं, पाण्यात विरघळणारं. मिथेनॉलला ते दाद देत नाही. आम्ही ते गाळाच्या खात्यावर मांडत होतो.

खाडीत ते सापडावं यात नवल नाही. कुजलेल्या पाल्याचा पिवळा अर्क आणि गाळ निळा प्रकाश वरच्यावर खाऊन टाकतात. खाली झिरपतो तो हिरवा-नारिंगी, जो हरितद्रव्य फारसा टिपत नाही. फायकोसायनिनला यातला नारिंगीच हवा असतो.

शेवटी रंगच उडवायला १ टक्का क्लोरीनच्या सोडियम हायपोक्लोराइटचे थेंब सोडले, थोडं थांबून फिल्टर धुतला, आणि उंचवटा गेला. हे धुणं टाळलं तर हायपोक्लोराइट स्वतःच ४०० च्या खाली जोरात शोषतं आणि निळ्या टोकाचा आकडा बिघडतो.