ऑपरेशनच्या आधी विचारलं होतं का?

गुडघ्याच्या वाट्या बदललेल्या पेशंटला सर्जननी विचारलं, "कसं आहे?" की उत्तर ठरलेलं असतं. "बरं आहे, डॉक्टर." एवढ्या मोठ्या माणसाने आपल्यासाठी एवढं केलं, त्यांच्या तोंडावर दुखतंय कसं म्हणायचं? तीच मावशी माझ्या टेबलावर येऊन झोपते, मी गोनिओमीटर लावून गुडघा किती वाकतो ते बघत असते, तेव्हा हळूच सांगते, "रात्री कुशीवर वळलं की जाग येते गं अजून."

मी मिरजेत फिजिओथेरपिस्ट आहे. सांगली, तासगाव, जत आणि सीमेपलीकडून अथणी-कागवाडकडचेही पेशंट येतात. गुडघे आणि मणका, माझं बहुतेक काम या दोनच गोष्टींचं. इतकी वर्षं हे केल्यावर एक गोष्ट मला अगदी ठामपणे सांगायची आहे. ऑपरेशन कसं झालं हे एक्स-रेवरून कळतं, पण पेशंट कसा आहे हे त्याला विचारल्याशिवाय कळत नाही. आणि विचारायचं ते ऑपरेशनच्या आधीही.

गुडघ्यासाठी आम्ही ऑक्सफर्ड नी स्कोअर ही प्रश्नावली वापरतो. 1998 साली तो प्रसिद्ध झाला. प्रश्न 12 आहेत आणि सगळे गेल्या चार आठवड्यांबद्दलचे. रात्री दुखतं का, जिना उतरता येतो का, लंगडता का, स्वतःची खरेदी स्वतः करता का. प्रत्येक उत्तराला 0 ते 4 गुण, म्हणजे एकूण 48. जितके जास्त तितकं चांगलं. वर्षाने एखाद्याचा स्कोअर 36 आला. चांगला की वाईट? आधी तो 12 असेल तर त्या माणसाचं आयुष्य बदललंय. आधीच 33 असेल, तर एवढा खर्च, एवढं दुखणं सोसून हाती फारसं काही लागलं नाही. आधीचा आकडा फाइलमध्ये नसेल, तर 36 हा नुसता आकडा. आणि वर्षानंतर "आधी किती दुखत होतं?" विचारून उपयोग होत नाही. जुनं दुखणं कोणाला धड आठवत नाही. आज कसं वाटतंय, त्यावर कालच्या दुखण्याची आठवण बदलते.

या फॉर्ममधला एक प्रश्न मला नेहमी अडवतो. गुडघे टेकून बसून परत उठता येतं का? आमच्याकडे जवळजवळ सगळे "नाही" म्हणतात. मी पुढे विचारते, "करून बघितलंत का?" तर बऱ्याच जणी म्हणतात, "छे, खाली बसायचंच नाही असं सांगितलंय ना." म्हणजे इथे गुण जातात ते गुडघ्याला जमत नाही म्हणून नव्हेत, तर मनाई आहे म्हणून. स्कोअर वाचणाऱ्याला हे कसं कळणार? तपासलेली प्रश्नावली मनाला येईल तशी बदलता येत नाही, नाहीतर दुसऱ्या कोणाच्या आकड्यांशी तुलनाच उरत नाही. म्हणून मी फॉर्मला हात लावत नाही. खाली वेगळ्या ओळी लिहिते: एसटीची पायरी चढता येते का, कमोड नसलेल्या घरी मुक्कामाला जाता का, पंगतीत खुर्ची मागावी लागते का. हे गुण बेरजेत धरत नाही. पण पेशंट ऑपरेशनला तयार होतो तो याच गोष्टींसाठी, आणि नाराज राहतो तोही यांच्यासाठीच. गुडघा बदललेल्यांपैकी साधारण पाचातला एक जण पूर्ण समाधानी नसतो, असं परदेशातल्या अभ्यासांत वारंवार दिसलंय. सांधा उत्तम बसलेला असतानाही. कोणाला काय हवं होतं, हे आधी विचारलं असेल तरच त्यातलं कारण सापडतं.

मणक्याचं गणित आणखी नाजूक. तिथे ऑस्वेस्ट्री इंडेक्स, कंबरदुखीची प्रश्नावली, 1980 पासूनची. दहा भाग, प्रत्येकाला 0 ते 5, आणि इथे उलटं: आकडा जितका मोठा तितका त्रास जास्त. त्यात एक प्रश्न शरीरसंबंधांबद्दलचा आहे. तो बहुतेक जण कोरा सोडतात. सोडू द्यावा. तो वगळून उरलेल्या 45 पैकी टक्केवारी काढायची सोय आहे. मात्र फॉर्म भरताना मुलाला बाहेर बसवायचं, हे मी सोडत नाही. आई तोंड उघडायच्या आत "आता चालते की ती झकास" असं मुलगाच सांगून मोकळा होतो.

तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार काका. गादी सरकून नस दबलेली, डाव्या पायात घोट्यापर्यंत कळ. ऑपरेशननंतर घरचे म्हणायला लागले, फुकट गेलं सगळं, अजून दुखतंच आहे. काका स्वतःही वैतागलेले. मी जुना कागद काढला. दुखण्याचा 0 ते 10 चा आकडा आम्ही पायासाठी वेगळा आणि कमरेसाठी वेगळा घेतो. पाय आधी 9, आता 1. कंबर आधी 5, आता 4. नस मोकळी करायच्या ऑपरेशनने पायाची कळ बहुतेकदा जाते. कमरेचं तसं सांगता येत नाही. काका कागदाकडे बघत राहिले. "पायाचं मी विसरूनच गेलो होतो," म्हणाले. मग आम्ही कमरेवर बोललो. ऑक्टोबरच्या छाटणीत मांडवाखाली हात वर करून तासन्‌तास उभं राहायचं असतं, त्यासाठी कोणते व्यायाम, किती वेळाने बसायचं.

जे परत येत नाहीत त्यांची मला जास्त काळजी वाटते. काही बरे झालेले असतात, काही कंटाळून दुसरीकडे गेलेले असतात. फक्त येणाऱ्यांचे आकडे मांडले तर चित्र खोटं. बॉस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन शंभर वर्षांपूर्वी प्रत्येक पेशंटचं कार्ड ठेवून, निदान वर्षभराने तरी त्याची अवस्था काय हे बघायला हवं, असं सांगत होते. स्वीडनने 1975 पासून बदललेल्या गुडघ्यांची देशभराची नोंद ठेवली. आपल्याकडे गावाकडच्या पेशंटचा फोन नंबर वर्षभरात बदललेला असतो. म्हणून मी आधीच दोन नंबर घेते, एक घरातला आणि एक शेजारचा किंवा माहेरचा.

तुमच्या घरी कोणाचं ऑपरेशन ठरलं असेल, तर दवाखान्यात फॉर्म मिळो न मिळो, आदल्या आठवड्यात एका कागदावर तारीख घालून लिहा: न थांबता किती चालता येतं, रात्री कितीदा जाग येते, कोणतं काम बंद पडलंय, आणि बरं झाल्यावर सगळ्यात आधी काय करायचंय. उत्तरं त्यांची, त्यांच्याच शब्दांत. तो कागद फाइलला लावा आणि तीन महिन्यांच्या, वर्षाच्या फॉलोअपला सोबत न्या.