अडकलेला सोर्स

जहाजाच्या वेल्डिंगचे जोड तपासायला आम्ही रेडिओग्राफी, म्हणजे किरणांनी धातूच्या आतला फोटो काढणं, रात्रीच करतो. वास्कोच्या त्या यार्डात माणसं घरी गेली की जागा दोरीने घेरायची, लाल दिवे लावायचे आणि मग इरिडियम-१९२चा सोर्स, म्हणजे किरणं सोडणारा छोटा तुकडा, कॅमेऱ्यातून (त्याच्या जाड संरक्षक पेटीतून) गाइड ट्यूब नावाच्या नळीत सोडायचा. त्या रात्री एक्स्पोजर संपलं, पेडण्याचा पोरगा सोर्स परत पेटीत ओढायला क्रँकचा दांडा उलटा फिरवायला लागला, तर तो मधेच अडला. टेकवून ठेवलेला एक पाइप घसरून ट्यूबवर पडला होता. ट्यूब चेपली होती आणि सोर्स बाहेरच राहिला होता.

"दादा, पटकन जाऊन पाइप उचलू?"

"एक पाऊल पुढे टाकू नको."

सोर्स साधारण २० क्युरीचा (क्युरी हे किरणोत्सर्गाचं माप). त्याच्यापासून एक मीटरवर उभं राहिलं तर आमच्यासारख्या किरणांजवळ काम करणाऱ्या माणसाला वर्षाकाठी सरासरी जेवढा किरणांचा डोस चालतो तो, म्हणजे २० मिलिसिव्हर्ट, १२-१३ मिनिटांत अंगावर येतो. अंतर दुप्पट केलं की डोस चौथाईवर. म्हणून आधी दोरी लांब सरकवली, अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवलं आणि यार्डाच्या दुसऱ्या टोकाला रिकामी ट्यूब आणि डमी सोर्स मांडून सराव सुरू केला. कोण कुठून जाणार, किरणं अडवायला लांब दांड्याने शिशाच्या गोळ्यांची पिशवी सोर्सवर कशी ठेवणार, सेकंद कोण मोजणार, सगळं ठरवलं. प्रत्यक्ष काम काही मिनिटांचं, पण तयारीत रात्र सरली. पिशव्या बसल्या, किरणं मोजणाऱ्या सर्व्हे मीटरचा आकडा खाली आला, मग पाइप काढून ट्यूबचा चेप दांड्यानेच सैल केला. क्रँक फिरला.

तेव्हापासून फुकुशिमाच्या, म्हणजे जपानमधल्या २०११ साली अपघात झालेल्या अणुवीज प्रकल्पाच्या बातम्या मी फार जवळून वाचतो. २२ ऑगस्ट २०२४ रोजी युनिट २ मध्ये, म्हणजे दुसऱ्या अणुभट्टीत, वितळलेल्या इंधनाचा नमुना काढायचा होता. यंत्र आत ढकलायचे पाइप चुकीच्या क्रमाने लावल्याचं ऐन वेळी लक्षात आलं आणि काम थांबलं. लोक हसले. मला त्या कामगारांबद्दल वाईट वाटलं. तोंडभर मास्क, थरावर थर कपडे, डोस वाढत चाललेला. अशा जागी पाइपावरचा नंबर पुन्हा बघायला थांबणं सोपं नसतं. पुढे कॅमेऱ्यांचं चित्रच बंद पडलं. शेवटी ७ नोव्हेंबरला नमुना हाती आला, सुमारे ०.७ ग्रॅम. तीन अणुभट्ट्यांत मिळून असं वितळलेलं इंधन अंदाजे ८८० टन पडून आहे.

आमचा सोर्स कुठे आहे, केवढा आहे, हे आम्हाला ठाऊक होतं. तिथे इंधन धातू आणि काँक्रीटमध्ये मिसळून भट्टीच्या पोलादी पात्राबाहेर गेलंय, बरंचसं कुणी पाहिलेलंही नाही. १९७९ साली अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज प्रकल्पात अपघात झाला तेव्हा पात्र फुटलं नव्हतं, तरी इंधन उपसून संपायला १९९० उजाडलं.

फुकुशिमाचा प्रकल्प मोडीत काढायचं काम २०५१ पर्यंत आटोपायचं सरकारी उद्दिष्ट आहे. पण युनिट ३ मधलं मोठं उपसाकाम २०३७ च्या आधी सुरू होणार नाही, असं प्रकल्प चालवणाऱ्या कंपनीने जुलै २०२५ मध्ये सांगितलं. मला २०५१ पटत नाही. तारखेसाठी तिथल्या माणसांना कुणी घाई करू नये, एवढंच मला मनापासून वाटतं.