तीस शेकांची वही

सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून माझ्या टेबलावर दिवसभर रेशनकार्डे आणि तपासण्यांचे कागद येत असतात. ऑक्टोबरमधल्या त्या दुपारी मात्र एक शाळकरी वही आली. परभणी जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू शेतकऱ्याच्या मेंदूतली गाठ आमच्याकडे काढली होती आणि ती ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूचा झपाट्याने वाढणारा कर्करोग, निघाली होती. शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसली. योजनेची कुटुंबामागची वार्षिक मर्यादा दीड लाखांवरून ५ लाखांवर गेल्यापासून आमचे काम सोपे झाले आहे, आणि त्याच भरवशावर मी त्याच्या पत्नीला ‘तुम्हाला काही खर्च येणार नाही’ असे पहिल्याच दिवशी सांगून मोकळी झाले होते.

वही तिची होती. खासगीत काढलेला एमआरआय, डोकेदुखी म्हणून दोन महिने घेतलेल्या गोळ्या, भाड्याची जीप, झेरॉक्स, दूध, शौचालयाचे ५ रुपये, असे सगळे पेन्सिलीने ओळीने मांडलेले होते. आमच्याकडे दाखल होण्यापूर्वीच ४२ हजार गेले होते आणि त्यात गाय विकली होती. यातली एकही ओळ योजनेच्या पोर्टलवर येत नाही.

आता शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायचे होते. सोमवार ते शुक्रवार रोज एक, असे ६ आठवड्यांत ३०. शिवाय रोज टेमोझोलोमाइड या केमोथेरपीच्या औषधाच्या कॅप्सूल, आणि पुढे त्याच कॅप्सूल दर २८ दिवसांतून ५ दिवस, सहसा ६ महिने. शेक काही मिनिटांत उरकतो, पण त्यासाठी दीड महिना मुंबईत राहावे लागते, आणि फिट येणाऱ्या माणसाला एकटे सोडता येत नसल्याने घरातली दोन माणसे कामावरून उठतात. मी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसाठी चिठ्ठी लिहायला घेतली, तेव्हा तिने विचारले, “मॅडम, दिवाळी झाल्यावर शेक दिले तर जमंल का? कापूस फुटलाय.”

मी तिला डॉक्टरांकडे नेले. गाठ थांबणार नाही, असे त्यांनी शांतपणे समजावले. परत आल्यावर तिने माझ्याकडून शेकांच्या तारखा उतरवून घेतल्या आणि त्याखाली लिहिले, ‘वेचणी, किलोला १० रुपये.’ किती किलो, ती जागा तिने कोरी ठेवली. कारण यंदा कापूस मोजायला घरातले कोणी शेतात असणार नव्हते.