फणसाड, वेळास, मालवण: एसटीने, जंगलजेटीने आणि मावशीबरोबर

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा मुद्दाम धरला होता. फणसाड अभयारण्याचे ओढे तोवर आटतात आणि जनावरं उरलेल्या पाण्यावर येतात, वेळासला कासवाची पिल्लं निघायला लागलेली असतात आणि मालवणचं पाणी अजून गढूळ झालेलं नसतं. मार्च अर्धा उलटला की तिन्ही गोष्टी एका फेरीत जमत नाहीत, आणि दुपारी चालवतही नाही.

बरोबर मावशी होती, वय 76, मूळची मालवणची. पंच्याहत्तरी ओलांडल्यामुळे तिला एसटी फुकट आणि मला बाई म्हणून अर्धं तिकीट. सात दिवसांत बसवर जेवढा खर्च झाला तेवढ्याची आम्ही एका संध्याकाळी सुरमई खाल्ली. स्वतःची गाडी असेल तर हीच फेरी पाच दिवसांत होईल, पण खाडीच्या फेरीबोटीला शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते आणि पायी माणूस सरळ चढतो, हेही लक्षात ठेवा.

कर्नाळ्याला उतरलो नाही. 1968 पासूनचं पक्षी अभयारण्य, वर अंगठ्यासारखा सुळका असलेला किल्ला, सगळं चांगलंच. पण मुंबई-गोवा महामार्ग त्याच्या कुशीतून जातो आणि सुट्टीच्या दिवशी पाखरांपेक्षा सहलीच जास्त ऐकू येतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी, उजाडताना जाणार असाल तरच जा.

मुरूडला मुक्काम केला आणि पहाटे रिक्षा ठरवून सुपेगावला गेलो. फणसाडचं फाटक इथे, मुरूड-रोहा रस्त्यावर. एसटी आहे, पण तिच्या वेळा पाखरांच्या वेळांशी जुळत नाहीत. रिक्षा आदल्या रात्रीच सांगून ठेवावी आणि परतीचंही बोलून घ्यावं, कारण आत मोबाइलला रेंज मिळेल या भरवशावर राहू नये. फाटकावर नोंद करून वाटाड्या घेतला. हे जंगल जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं राखीव रान होतं. ज्या पाणवठ्यांवर शिकार टिपायची, तेच आता बघायचे. 1986 साली अभयारण्य झालं, पसारा 50 चौरस किलोमीटरहून अधिक.

पाणवठ्याला इथे 'गाण' म्हणतात. चिखलगाण, धरणगाण, फणसाडगाण अशी नावं वाटाड्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली तेव्हा मावशीला वाटलं तो कुठलं गाणं म्हणणार आहे. माझी पहिली चूक इथेच झाली. मी ठरवून आले होते की दिवसभरात जेवढी गाणं होतील तेवढी करायची. दोन केली, सुकलेल्या पाचोळ्यावर पाऊल पडलं की अर्धा मैल ऐकू जात होतं, आणि दिसलं काय, तर वानरं. मावशी तिसऱ्याला निघेचना. "मी हयच बसतंय," म्हणाली आणि एका दगडावर पदर खोचून बसली. नाइलाजाने मीही बसले.

वीस-पंचवीस मिनिटांनी वरच्या फांद्यांतून खडखडाट आला. शेकरू. तपकिरी-तांबूस, शेपटी अंगाहून लांब, एका झाडावरून दुसऱ्यावर स्वतःला असं झोकून दिलं की खाली आमच्या माना मोडल्या. राज्यप्राणी म्हणून शाळेच्या पुस्तकात बघितलेलं चित्र आणि हे, यांत काही संबंध नाही. वाटाड्याने मग त्याची घरटी दाखवली, उंच फांदीच्या टोकाला काटक्यापानांचा गोळा. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधतं, त्यामुळे घरटी मोजून शेकरं मोजता येत नाहीत. त्यानंतर भेकराचं भुंकणं ऐकलं, पाण्यावर आलेला सर्पगरुड बघितला, आणि हे सगळं त्याच दगडावरून. तेव्हा माझं सांगणं एवढंच: एक गाण निवडा आणि सकाळचे तीन तास तिथून हलू नका.

गारंबीचा वेलही इथेच बघा. मांडीएवढं खोड, हातभराहून लांब शेंगा. वेल म्हणावा की झाड, कळत नाही. दुसरी शेंग मात्र लांबूनच बघायची. खाजकुयली याच दिवसांत वाळते आणि तिची कुसं वाऱ्यानेही अंगावर येतात. माझ्या मनगटाला लागली, दुपारभर जीव नकोसा झाला. पूर्ण बाह्यांचा जुना सदरा, पायात बूट, आणि संध्याकाळी अंघोळीआधी गोचिड्या तपासणं, यात आळस करू नये. बिबट्या दिसेल का, असं सगळेच विचारतात. आहे, पण तो तुम्हाला बघतो.

मुरूडहून आगरदांड्याला आलो आणि जंगलजेटीने दिघीला उतरलो. ही फेरीबोट, पण नाव जंगलजेटीच. राजपुरीची खाडी ओलांडताना डावी-उजवीकडे जागा बदलत जंजिरा बघून घ्या, त्याचे वेगळे पैसे नाहीत. पुढे दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. या पट्ट्याने 3 जून 2020 चं निसर्ग वादळ सोसलंय. सुपारीच्या बागांत जुनी उंच झाडं आणि गुडघाभर उंचीची नवी लावण अशी एकाशेजारी एक दिसली की न सांगता कळतं. सुपारीला उत्पन्न धरायला वर्षं लागतात, त्यामुळे इथे 'वादळाआधी' आणि 'वादळानंतर' अशीच कालगणना चालते. बागमांडल्याहून दुसरी जेटी, सावित्रीच्या मुखाची बाणकोट खाडी पार, आणि वेसवीला पाय टेकला की रायगड संपून रत्नागिरी जिल्हा सुरू. शेवटची फेरी किती वाजताची, हे सकाळीच विचारून ठेवा. चुकली तर रस्त्याने मोठा वळसा पडतो.

वेळास हे अभयारण्य नाही, हे आधी स्पष्ट करते, कारण फाटक, पाटी, तिकीटघर शोधत फिरणारे दोघेजण आम्हाला भेटले. मंडणगड तालुक्यातलं हे गाव, नाना फडणविसांचं मूळ गाव म्हणून जुन्या लोकांना माहीत. 2002 साली चिपळूणची सह्याद्री निसर्गमित्र ही संस्था समुद्री गरुडांची पाहणी करत इथे आली, तेव्हा किनाऱ्यावर कासवाच्या अंड्यांची टरफलं सापडली. अंडी कोल्हे-कुत्रे खायचे, तशी माणसंही काढून न्यायची. संस्थेच्या भाऊ काटदरे आणि मंडळींनी गावातल्याच माणसांना हाताशी धरलं. आता कासवमित्र रात्री-पहाटे किनारा चालतात, मादीच्या पावलांच्या खुणांवरून घरटं शोधतात, शंभराच्या आसपास अंडी अलगद काढून कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात पुन्हा पुरतात. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वाळूतून वर येतात. घरट्यातली वाळू जास्त तापलेली असेल तर माद्या जास्त, गार असेल तर नर, त्यामुळे उन्हाळ्यातला तापमानाचा आकडा इथे वेगळ्याच काळजीने बघतात. जानेवारी 2022 मध्ये याच किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहातून माग काढणारं यंत्र बसवलं आणि तिचं नाव ठेवलं 'प्रथमा'.

घरट्यावर टोपली पालथी घातलेली असते. सकाळी सातच्या सुमारास आणि संध्याकाळी सूर्य बुडायच्या आधी ती उचलतात. पहिल्या संध्याकाळी सगळ्या टोपल्या उचलल्या, एकाहीखाली काही नाही. पुण्याहून खास आलेलं एक कुटुंब तिथेच रागावलं, पैसे वाया गेले म्हणून. कासवमित्राने शांतपणे टोपल्या परत ठेवल्या. दुसऱ्या सकाळीही काही नव्हतं. आम्ही दोन रात्री ठरवल्या होत्या म्हणून दुसऱ्या संध्याकाळी होतो. टोपलीखाली काळी, तळहातात मावतील एवढी, वाळू झटकणारी पिल्लं, मोजून एकोणीस. पाण्यापासून थोड्या अंतरावर सोडली. ती स्वतःच चालत जायची असतात, उचलून लाटेत टाकायची नसतात. त्यांना उजेडाकडे जायचं कळतं, म्हणून मोबाइलचा फ्लॅश किंवा विजेरी लावली की ती उलटी फिरतात. सांगूनही एकाने लावलाच. मावशी त्याच्यावर अशी खेकसली की नंतर अर्धा तास किनाऱ्यावर कोणी खोकलंही नाही.

वेळासला हॉटेल शोधू नका. घरोघरी राहण्याची सोय आहे, माणशी दर ठरलेला, जेवण शाकाहारी: आमटी-भात, कुळथाचं पिठलं, सोलकढी, नशीब असेल तर उकडीचे मोदक. रोख बरोबर ठेवा. आम्ही ज्यांच्याकडे उतरलो त्या काकूंनी अंगणात गादी घालून दिली आणि पहाटे साडेपाचला स्वतः उठवलं. मोसमाचे हेच दोन महिने हातात पैसा येतो, असं त्या सांगत होत्या. कासव वाचण्याचं खरं कारण मला तरी त्या वाक्यात सापडलं. शनिवार-रविवार टाळा, आणि कासव महोत्सवाच्या ठरलेल्या तारखांना गर्दीची तयारी ठेवूनच जा.

वेळास ते मालवण हा दिवस पूर्ण प्रवासात गेला. मंडणगड, खेड, तिथून कोकण रेल्वेने कुडाळ, पुन्हा एसटी. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. खेडच्या फलाटावर पंखा नव्हता एवढंच.

मालवणला मात्र कागदावर अभयारण्य आहे आणि ते शोधावं लागतं. मालवण सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झालं, 29.12 चौरस किलोमीटर, त्यात सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा साडेतीन चौरस किलोमीटरहून कमी भाग गाभ्याचा. किल्ल्यावर होडीने जाणाऱ्या शंभरांतल्या नव्वदांना आपण अभयारण्यातून चाललोय हे माहीत नसतं. मच्छीमारांनी त्याला विरोध केला, तो अजून मिटलेला नाही. मावशीचं माहेर मासेमारीचं. तिला विचारलं तर म्हणाली, "दर्यात आमची माणसां जातत, आणि ह्येनी ठरवल्यानी मुंबयत बसान." हे पूर्ण चित्र नाही. पर्ससीन (यांत्रिक बोटींची, अख्खा थवा वेढणारी मोठी जाळी) आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीविरुद्ध हेच रापणवाले, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे मच्छीमार, सगळ्यात आधी उभे राहतात. समुद्र राखायला त्यांचा नकार नाही, न विचारता राखायला आहे.

प्रवाळ बघायला पाण्यात उतरणार असाल तर तीन गोष्टी. प्रवाळ दगड नाही, जिवंत आहे, त्यावर पाय टेकवायचा नाही. दमलात तर पाठीवर तरंगा. आमच्या बोटवाल्याने मासे जमावे म्हणून पाव टाकायला सुरुवात केली, त्याला थांबवलं तर तोंड वाकडं केलं, तुम्हीही थांबवा. आणि सकाळी लवकर जा, दुपारी वारा उठला की पाणी ढवळून काही दिसत नाही. किल्ल्याच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात.

शेवटचा दिवस वेंगुर्ल्याजवळच्या मांडवी खाडीत. इथे बचतगटाच्या बायका वल्ह्याची होडी चालवून कांदळवन दाखवतात. इंजिन नाही, त्यामुळे खंड्या तीन हातांवर बसून राहतो. पांढरी चिप्पी हा 2020 पासून राज्याचा कांदळवृक्ष, तो इथे ओळखायला शिका. होडीवरची बाई पान चाटायला लावून मिठाची चव दाखवते. पण वेळ भरतीचीच हवी, सुकतीला होडी चिखलात रुतते. त्यासाठी ॲप नको. मावशीचा हिशोब: तिथीचे पाऊण करायचे. त्या दिवशी दशमी, दहाचे पाऊण साडेसात, म्हणजे सकाळी साडेसातच्या सुमारास पाणी पूर्ण भरणार. आम्ही सातला धक्क्यावर होतो. होडीवाली आधीच वल्ही घेऊन बसली होती. "दशमी ना आज," म्हणाली.