मिक्सर: दोन लहरींचा गुणाकार

इंदुरात ट्रान्झिस्टरवर ६४८ किलोहर्ट्झला आकाशवाणीचे स्थानिक केंद्र लावले, की आतला आंदोलक (ठरावीक वारंवारतेची लहर तयार करणारे मंडल) ११०३ किलोहर्ट्झची लहर निर्माण करतो आणि मिक्सर या दोन्ही लहरींचा गुणाकार करतो. नुसत्या बेरजेतून नवी वारंवारता निघत नाही; त्यासाठी डायोड किंवा ट्रान्झिस्टरसारखा अरेषीय, म्हणजे दिलेल्या संकेताच्या सरळ प्रमाणात न वागणारा, घटकच लागतो. गुणाकारातून १७५१ आणि ४५५ किलोहर्ट्झ, म्हणजे मूळ वारंवारतांची बेरीज आणि फरक, अशा दोन वारंवारता मिळतात. त्यांपैकी ४५५ तेवढी गाळून घेतली जाते, आणि केंद्र कोणतेही लावले तरी पुढचे प्रवर्धन (संकेत मोठा करणे) याच ठरावीक वारंवारतेवर होत असल्याने प्रत्येक केंद्रासाठी निराळी गाळणी बसवावी लागत नाही. अमेरिकी अभियंता एडविन आर्मस्ट्राँगने १९१८ मध्ये मांडलेली ही रचना मला आजही रेडिओतील सर्वांत देखणी युक्ती वाटते.

तिच्यात खोट नाही असे मात्र नाही. १५५८ किलोहर्ट्झवरील लहरीचा ११०३ शी फरकही ४५५ च येतो. ही प्रतिमा-वारंवारता मिक्सरच्या आधीच, एरियलकडील केंद्र निवडणाऱ्या (ट्यूनिंगच्या) मंडलात अडवावी लागते, कारण नंतर ती आणि हवी असलेली लहर अशा दोघींना वेगळे करता येत नाही.

छपरावरील डिश अँटेनातही हेच घडते: सुमारे १२ गिगाहर्ट्झचा संकेत मिक्सरने कमी वारंवारतेवर आणल्याशिवाय साध्या केबलमधून घरात पोहोचवणे कठीणच.